चौदा नंबर पास

शेवंती धुरीला कोणी विचारलं, की बाई गं, तू इतकं वाचतेस तरी कधी, तर ती सरळ सांगायची, "भात शिजेपर्यंत." आणि ते काही खोटं नव्हतं. मुलुंडच्या चाळीतल्या त्या खोलीत स्टोव्हवर भाताचं पातेलं चढलं की तिच्या हातात पुस्तक आलंच. भाताला आठ पानं. डाळीला बारा. चवळी किंवा वाल असले तर अख्खं प्रकरण. तिचा नवरा दत्ताराम शेजाऱ्यांना सांगायचा, "आमच्या घरात रविवारी उसळ कित्याक, तर हिची गोष्ट रंगात इली म्हणान." आता नवऱ्याने चारचौघांत असं बोलावं का? पण बोलायचा, आणि शेवंती हसून घ्यायची, कारण उसळीचं ते खरंच होतं.

शेवंती होती इंजेक्शनांच्या कंपनीत, तपासणीच्या खात्यात. काम सोपं दिसायचं, पण करून बघा म्हणजे कळेल. दिवसभर हाताखालून काचेच्या कुप्या जायच्या. कुपी उलटी करायची, दिव्यासमोर धरायची, आधी काळ्या फळीपुढे बघायची, मग पांढऱ्या. आत धागा, काचेचा कण, काहीही तरंगताना दिसलं की कुपी बाजूला. आणि खोकं भरलं की त्यात एक पिवळी चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर तपासणाऱ्या बाईचा नंबर. शेवंतीचा नंबर चौदा. उद्या कुठल्या गावच्या डॉक्टरने तक्रार केलीच, तर खोकं उघडून चिठ्ठी बघायची आणि चौदा नंबरला उभं करायचं, असा तिथला रिवाज.

एकदा तसं झालंही होतं. साताऱ्याहून खोकं परत आलं, कुपीत धागा. सुपरवायझर अनुपमा मॅडमनी चिठ्ठी हातात धरून विचारलं, "चौदा नंबर कोण?" बाकीच्या बायका खाली माना घालून बसल्या. शेवंती उठली आणि म्हणाली, "चिठ्ठी माझी, तर चूकही माझीच." मॅडम खूप ओरडल्या. पण कामावर ठेवलं, आणि त्या दिवसापासून नव्या पोरी आल्या की त्यांना शेवंतीच्या शेजारी बसवू लागल्या.

वाचनाचं वेड मात्र तिला लागलं ते संपाच्या वर्षी. दत्ताराम गिरणीतला. ब्याऐंशी साली गिरण्या बंद पडल्या आणि तो घरी बसला. घरात दोनच विषय, संप आणि संप. संध्याकाळी नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला, दोन्ही मुलगे बाहेर सटकलेले. शेवंतीला ते बघवेना. बोलायला काहीतरी दुसरं पाहिजे, एवढ्या एका हट्टाने ती पाच रस्त्याजवळच्या लायब्ररीत गेली आणि पुस्तक घेऊन आली. वाचलं, आणि जेवताना नवऱ्याला गोष्ट सांगितली. पहिले दोन दिवस त्याने ऐकल्याचं दाखवलंच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मगे? त्या पोराचा काय झाला?" शेवंती आत जाऊन रडली. आनंदाने हो! पुढे दत्तारामला एका बिल्डिंगमध्ये लिफ्टवर नोकरी लागली, दिवस मार्गी लागले, पण रोज जेवताना गोष्ट सांगायची ती सांगायचीच. स्वतः त्याने कधी पुस्तक हातात धरलं नाही. म्हणायचा, "तुझ्या तोंडची बरी लागता."

आता एवढं वाचायचं म्हणजे शिस्त आली. शेवंती पुस्तक निवडायची ते चाळिसावं पान वाचून. पहिल्या पानावर सगळेच नटूनथटून बसतात, चाळिसाव्यावर माणूस घरच्या कपड्यांत भेटतो, असं तिचं म्हणणं. कंपनीतसुद्धा नमुना काढायचा तो पेटीच्या मधून, वरचा कधीच नाही. घरी आणलं की पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कारण एका हाताला पीठ असायचं. पान दुमडणाऱ्यांवर तिचा दात होता. खुणेला कंपनीतली फुकट गेलेली पिवळी चिठ्ठी. आणि शेवट आधी बघणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच. लायब्ररीत एक म्हातारा दर रविवारी स्टुलावर बसून प्रत्येक पुस्तक मागून उघडायचा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, कापडी पिशवी. शेवंती मनात म्हणायची, काय माणूस आहे! पंगतीत बसून आधी ताक मागणारा.

शहाऐंशीच्या त्या जानेवारीत तिचं काय काय वाचून झालं होतं? एक जाडजूड रशियन कादंबरी, मराठीत आणलेली. तीत एकेका माणसाला तीन-तीन नावं. शेवंतीने दुधाच्या कार्डामागे सगळी नावं लिहून काढली, कोण कोणाचा कोण, आणि मग झकास वाचली. एक खुनाची गोष्ट, तिचा खुनी साठाव्या पानावरच सापडला म्हणून तिला राग आला. एका नर्सच्या आठवणी होत्या, त्या वाचून ती नळाच्या रांगेत उभ्या-उभ्या रडली आणि मागच्या बाईने हंडा पुढे सरकवला. कोकणातल्या भुतांच्या गोष्टी मात्र तिने अर्ध्यात मिटल्या. "भुतं अशी पुस्तकी बोलतात होय? आमच्याकडचं भूत आधी विचारील, खंयसून इलंस?" दत्ताराम त्यावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुस्तकात काही खुपलं की ती म्हणायची, "ह्यात कण आहे." भाषा गोड, माणसं खरी, पण लेखक एके ठिकाणी खोटं बोलला, तर कण. नायिका पानोपानी रडायला लागली, तर कण नव्हे, अख्खी काच.

आणि इथेच ती गोष्ट झाली, जिच्यामुळे पुढे तिची वाट लागायची वेळ आली. त्या लायब्ररीतली सगळी पुस्तकं एकसारख्या चॉकलेटी रेक्झिनमध्ये बांधलेली. पाठीवर शाईने लिहिलेलं नाव वर्षभरात पुसट व्हायचं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी यायचं, आणि दत्ताराम बदलायला गेला तर हमखास यायचं. म्हणून शेवंतीने शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करायला सुरुवात केली. खूण कसली करणार? हाताला जी सवय तीच. चौदाचा आकडा. आवडलं असेल तर पुढे बरोबरची खूण, म्हणजे पास. कण असेल तर फुली. चार वर्षांत अशी चारेकशे पुस्तकं तपासून झाली होती. आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. तपासलं तर नंबर टाकायचा, लपवायचं काय त्यात?

लायब्ररीचे मालक श्यामसुंदर प्रधान. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, अक्षर मोत्यासारखं आणि नाकावर राग. सोसायटीच्या गॅरेजात त्यांनी पदरमोड करून लायब्ररी चालवली होती, आणि पुस्तकावर चहाचा डाग दिसला तर ते आपल्या बायकोलाही सोडत नसत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी शेवंती पुस्तक बदलायला गेली, तर दारात पुठ्ठा टांगलेला: 'पुस्तकांवर चौदा हा आकडा व खुणा करून ग्रंथ विद्रूप करणाऱ्या सभासदाचे सभासदत्व आजपासून रद्द करण्यात आले आहे.'

संपलं. कार्ड गेलं. तिने पिशवी छातीशी धरली आणि कसंबसं विचारलं, "प्रधानसाहेब, कोणाचं हो रद्द केलंत?"

"तोडणकरांचं," प्रधान कडाडले. "गुणाजी तोडणकर. काल एका नव्या पुस्तकावर चौदा दिसलं! मग मी कपाटं तपासली. धुरीबाई, शेकडो पुस्तकं! रजिस्टर काढलं. सभासद क्रमांक चौदा कोण? तोडणकर! आणि हा गृहस्थ दर रविवारी इथे स्टुलावर बसून प्रत्येक पुस्तक मागून उघडतो. मी आपला समजत होतो शेवट वाचतोय. खुणा करत होता!"

म्हणजे तो पांढऱ्या सदऱ्याचा म्हातारा. शेवंतीने विचारलं, "ते... कबूल झाले?"

"एका शब्दाने नाकारलं नाही. म्हणाले, साहेब, खूण आमचीच समजा. कार्ड टेबलावर ठेवलं आणि गेले."

खूण आमचीच समजा? असं कोणी का म्हणावं? शेवंतीने समोर आलं ते पुस्तक उचललं, चाळिसावं पान न बघता, आणि घरी आली. बोलली असती तर तिथेच बोलली असती. पण पिशवीतलं कार्ड तिला नुसतं हाताला लागलं आणि तोंड उघडेना. खरं सांगायचं तर घाबरली ती. ह्या लायब्ररीवाचून तिचं कसं झालं असतं? दुसरी लायब्ररी दूर, तिची अनामत जास्त, आणि जेवताना नवऱ्याला सांगायचं काय?

तो आठवडा वाईट गेला. भात शिजायचा, उतरायचा, आणि पुस्तक पहिल्याच पानावर. कंपनीत तिने दोनदा चांगल्या कुप्या बाजूला काढल्या. जेवताना दत्ताराम वाट बघायचा आणि शेवंती ताटात बघायची. गुरुवारी त्याने विचारलंच, "काय गो, गोष्टी संपल्या काय?"

तिने सगळं सांगून टाकलं. दत्ताराम आमटी ढवळत म्हणाला, "तो कबूल झालो ना? मगे तू कित्याक बोलतंस? तुझा कार्ड गेला तर माका गोष्ट कोण सांगतला?" हे तो थट्टेत म्हणाला खरा, पण त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती शेवंतीने ओळखली. संपाच्या वर्षीचा तो भिंतीकडे वळलेला माणूस त्यालाही आठवला असणार.

"माझ्या नंबरखाली दुसरा माणूस उभा आहे," शेवंती म्हणाली. "मला घास जात नाही रे."

दत्तारामने ताटात हात धुतला. "मगे जा," तो म्हणाला. "संपात मी कोणाच्या पाठी लपलंय नाय. तू तरी कित्याक लपतंस?"

रविवारी दहाला प्रधानांनी गॅरेजचं शटर वर केलं, तर शेवंती दारात उभी. तिने टेबलावर पिवळी चिठ्ठी ठेवली. कंपनीचं नाव, तपासणी खातं, नंबर चौदा.

"हा माझा नंबर आहे. कंपनीतला. खुणा मी केल्यात, तोडणकरांनी नाही."

प्रधान आधी हसले. "अहो धुरीबाई, कशाला उगीच मध्ये पडता? तुम्ही तर पुस्तकं मुलीसाठी नेता ना?"

हे ऐकलं मात्र, शेवंतीची भीती कुठल्या कुठे पळाली. तिला सणसणून राग आला. "मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत आणि पुस्तक दाखवलं की ते पळतात. चार वर्षं दर रविवारी मी येतेय, आणि तुम्ही समजत होता मी हमाली करतेय?"

प्रधान वरमले, पण हरले नाहीत. त्यांनी मागच्या कपाटातून एक पुस्तक ओढलं आणि शेवटचं पान हाताने झाकलं. "सांगा बघू. ह्याच्यावर काय आहे?"

शेवंतीने चाळिसावं पान उघडून दोन ओळी वाचल्या. "फुली. शेवटच्या दोन प्रकरणांत लेखकाला कुठेतरी जायची घाई झालीय. घरात लग्नबिग्न असेल."

प्रधानांनी हात काढला. फुली. दुसरं काढलं. "पास. पण मधली पत्रं वगळून वाचा." तिसरं काढलं. शेवंती म्हणाली, "हे मी वाचलंच नाही." त्यावर काही नव्हतं.

"त्या घाईचं मलाही वाटलं होतं," प्रधानांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा कचेरीतले साहेब झाले. "पण नियम तो नियम. कार्ड द्या."

शेवंतीने कार्ड काढून दिलं. "घ्या. पण आधी तोडणकरांचं त्यांना परत करायचं. आत्ता. तुम्ही चला, मी पण येते. चूक आपली असली की आपल्या पायांनी जावं."

रविवारी सकाळी साडेदहाला त्या लायब्ररीचं शटर खाली आलं, असं मुलुंडमध्ये आजवर कोणी पाहिलं नव्हतं. दोघं रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला उतरली. नवघर रोडला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर गुणाजी तोडणकर मेथी निवडत बसले होते. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, बोटं जाड आणि मेथीची पानं मात्र एकेक करून खुडत होता. भिंतीवर एका बाईचा फोटो, ताजा हार. प्रधानांना बघून ते गडबडून उठले, खुर्ची पुसली, पाणी आणलं.

प्रधान पाणी प्यायले, आणि शेवंतीच बोलली. "काका, ते चौदा मी लिहायची. तो माझा कंपनीतला नंबर. तुमच्यावर उगाच आळ आला."

गुणाजी तिच्याकडे बघत राहिले. "तुम्ही होय? मला वाटलं, कोणी पेन्शनर मास्तर असेल." मग ते फोटोकडे वळले. "ही आमची रुक्मिणी. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत गेली. पुस्तकं हीच आणायची, माझ्या चौदा नंबरच्या कार्डावर. वाचायची ती आणि मला गोष्ट सांगायची. मी कधी हातात धरलं नाही. शेवटचं आणलेलं पुस्तक उशाशी तसंच राहिलं. दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोची कादंबरी. अर्ध्यात हिची केसांची पिन. दिवस झाल्यावर परत करायला म्हणून उचललं, आणि मागचं पान उघडलं तर चौदा. पुढे बरोबरची खूण."

शेवंतीला ती कादंबरी आठवली. पास केली होती तिने, दोन वेळा गिरवून.

"मला वाटलं, हिनेच लिहून ठेवलंय," गुणाजी म्हणाले. "आपला नंबर घातलाय, मी वाचावं म्हणून. जन्मात पहिल्यांदा पुस्तक वाचलं मी, पिनेपासून पुढे. बोट ठेवून, एकेक ओळ. मग लायब्ररीत गेलो, तर दुसऱ्या पुस्तकात तेच. तिसऱ्यात तेच. म्हटलं, बघा, माझ्यासाठी केवढं वाचून ठेवून गेली!"

म्हणून हा माणूस पुस्तकं मागून उघडत होता. शेवंतीचे डोळे भरून वाहायला लागले. शेवटाची चोरी म्हणे! "काका, मला माफ करा. मला काहीच ठाऊक नव्हतं. तुमचं कार्ड द्यायला म्हणून आले, आणि तुमच्या रुक्मिणीबाईंना घेऊन चालले की हो मी!"

"अहो ताई, गप बसा," गुणाजी हसले. "मला काय अक्कल नाही? गेल्या दिवाळीच्या अंकावर पण चौदा होतं. अंक छापायच्या आधीच वाचायला ती काय संपादक होती? त्या दिवशी कळलं मला. रडलो, खोटं कशाला बोलू. चार रविवार गेलोच नाही. मग म्हटलं, ती नसेल, पण कोणीतरी आहे ना? माझ्या आधी ह्या पुस्तकातून कोणीतरी जाऊन आलंय आणि सांगतंय, ये, काही भिऊ नको. एकट्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?" प्रधानांचा आवाज पार खाली आला होता.

"काय सांगू? मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही खरा माणूस शोधला असता. मी पंधरा दिवसांत एक वाचणार, तेही बोट ठेवून. हा माणूस आठवड्याला दोन-तीन वाचतो. कोणाचं कार्ड गेलेलं बरं, तुम्हीच सांगा."

प्रधानांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "तोडणकर," ते म्हणाले, "मी तुम्हाला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी चुकलो." आणि त्यांनी चौदा नंबरचं कार्ड मेथीच्या ताटाशेजारी ठेवलं. गुणाजींनी ते उचललं नाही.

"ह्या ताईंचं ठेवून घेणार असाल तर माझंही राहू दे. खूण नसलेली पुस्तकं घेऊन मी काय करू?"

प्रधान चिडले. नियमाच्या माणसाला असं कोंडीत पकडलं की तो चिडतोच. "पुस्तकावर पेन्सिल चालणार नाही!" ते ओरडले. "सगळ्या खुणा खोडायच्या. चारशेच्या चारशे!" मग फोटोकडे बघत म्हणाले, "पण मागे तारखेची जी चिठ्ठी चिकटवतो ती माझी आहे. तिच्यावर किती रकाने आखायचे ते मी ठरवीन." आणि खिशातून शेवंतीचं कार्ड काढून त्यांनी पहिल्या कार्डावर ठेवलं.

पुढचे चार रविवार पाच रस्त्याच्या त्या गॅरेजात एक वेगळीच पंगत बसली. शेवंती खुणा शोधायची, गुणाजी खोडायचे, आणि प्रधान मागे नवी चिठ्ठी चिकटवून मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे: तारीख, सभासद, तपासणी. तिसऱ्या रकान्यात शेवंतीने पास किंवा फुली घालायची. सभासद येऊन वैतागायचे. कुंदा वैद्य नावाच्या बाई तर भांडायलाच उठल्या, "अहो, ते चौदा खोडता कशाला? मी तेच बघून नेते!" प्रधानांनी तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं, आणि जणू ही कल्पना जन्मापासून त्यांचीच होती अशा थाटात मान हलवली. शेवटच्या रविवारी दत्ताराम सगळ्यांना किटलीतून चहा घेऊन आला आणि कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला.

सगळ्यात शेवटी ती दीपगृहाची कादंबरी निघाली. मधल्या एका पानावर पिनेचा तांबूस गंज उमटलेला. मागे दोन वेळा गिरवलेलं चौदा. गुणाजींनी रबर टेकवलं आणि हात तिथेच राहिला. त्यांनी पुस्तक शेवंतीकडे सरकवलं. शेवंतीने नाही म्हणून मान हलवली आणि ते प्रधानांकडे दिलं. प्रधानांनी खूण बघितली. गंज बघितला. मग अख्खंच्या अख्खं रबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, "रबर संपलं."

गुणाजींनी हळूच ते पुस्तक पुन्हा ओढून घेतलं. "साहेब, हे माझ्या कार्डावर लिहा. पिनेच्या आधीचा भाग मी वाचलाच नाही अजून. तो तिच्या तोंडून ऐकला होता ना. वाटायचं, स्वतः वाचला तर तिचा आवाज पुसला जाईल. आता नाही पुसायचा. आता वाचतो."

प्रधानांनी तारीख घातली. गुणाजी पिशवी खांद्याला लावून गेले. शेवंती चहाचे कप गोळा करत होती. दत्ताराम कपाटाशी उभा राहून पुस्तकांच्या चॉकलेटी पाठींवरून बोट फिरवत होता. चार वर्षं त्याने बायकोच्या तोंडून गोष्टी ऐकल्या होत्या, आणि आज त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळं होतं. तो तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेवंती, माका पण एक बघ. माझा मी वाचूक. पण बारीक बघ हां."

शेवंतीने कप खाली ठेवले. तिने दोन पुस्तकं काढली आणि परत ठेवली. तिसरं काढलं, पातळसं, चाळिसावं पान उघडलं, आणि तिथेच उभी राहून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. नवरा शाळेतल्या पोरासारखा वाट बघत होता. तिने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

"घे," ती म्हणाली. "ह्यात कण नाही."